टिकलीखालचा डाग

आमच्या शाखेत बायकांच्या वॉशरूममधल्या आरशाच्या कडेला टिकल्यांची एक ओळ आहे. तोंड धुताना काढून चिकटवलेल्या आणि परत घ्यायच्या राहून गेलेल्या. मरून, काळ्या, एक हिरव्या खड्याची. सफाईच्या मावशी महिन्यातून एकदा नखानं खरवडून काढतात, आठ दिवसांत पुन्हा ओळ लागते. गेल्या सोमवारी आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली मुलगी तिथे तोंड धूत होती. तिनं टिकली काढून आरशाला लावली, रुमालानं चेहरा टिपला, आणि टिकली पुन्हा लावायच्या आधी दोन-तीन सेकंद तिचं कपाळ मला स्वच्छ दिसलं. भुवयांच्या मधोमध टिकलीच्याच मापाचा फिकट गोल होता.

ती टिकली लावून निघून गेली. मी नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले.

तो गोल मी ओळखते. 2008 च्या उन्हाळ्यात तो माझ्या कपाळावर होता.

माझे हात कसे आहेत ते आधी सांगते. दोन्ही हातांची बोटं टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी आहेत. डाव्या मनगटाला घड्याळाचा पट्टा जिथे घासतो तिथे पांढरा पट्टा आहे, मी घड्याळ घालणं सोडून पंधरा वर्षं झाली तरी. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत थोडं. याला मराठीत कोड म्हणतात, आणि हा शब्द कुणी पूर्ण आवाजात उच्चारत नाही. ‘तिला ते आहे ना,’ असं म्हणतात. मी तो उच्चारते, लिहितेही. मला कोड आहे आणि मी बँकेत कॅश काउंटरवर बसते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं मी नोटा मोजण्यात घालवली आहेत, म्हणजे माझे हात हेच माझं ऑफिसातलं तोंड. काचेच्या पलीकडचा माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघतच नाही, तो माझ्या बोटांकडे बघतो, कारण त्याचे पैसे तिथे असतात.

2008 साली त्वचेच्या डॉक्टरांनी खोलीतले दिवे बंद केले आणि एक जांभळट उजेडाचा दिवा माझ्या कपाळासमोर धरला. हातात आरसा दिला. तो गोल निळसर पांढरा चमकत होता. दिवे लावल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘टिकली कुठली लावता?’

मला वाटलं, त्या ओळख वाढवायला विचारताहेत. पण उत्तर त्या प्रश्नातच होतं. टिकलीच्या मागे जो गोंद असतो, त्यात पॅरा-टर्शिअरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींना ते मारक ठरतं. सगळ्यांना होत नाही, ज्यांची कातडी त्याला भुलते त्यांना होतं. रोज त्याच जागी, दहा-बारा तास, घामात भिजून तो गोंद बसतो, आणि हळूहळू तेवढाच गोल रंग सोडतो. आपल्याकडच्या त्वचेच्या डॉक्टरांना हे कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. टिकलीच्या पाकिटावर मात्र मी आजवर त्याचा एक शब्द छापलेला पाहिला नाही, आणि याचा मला राग आहे. आपल्या बायका शाळेपासून म्हातारपणापर्यंत ती वस्तू कपाळाला चिकटवतात.

माझं तेवढ्यावर थांबलं नाही. टिकली बंद केली, पण वर्षभरात बोटांची टोकं फिकी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, कधीकधी असं होतं, एका ठिकाणी रसायनानं सुरू होतं आणि मग अंगातलीच संरक्षणाची यंत्रणा आपल्याच रंगपेशींच्या मागे लागते. हा संसर्ग नाही, रक्तातला दोष नाही, हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं कुणाला होत नाही. घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आम्ही मालवणकडचे, घरात बुधवार आणि रविवार मासे ठरलेले. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माशाच्या दिवशी घरात दूध आणणं बंद केलं. शेजारच्या काकूंनी बावचीचं तेल दिलं. ते लावून मी गच्चीवर उन्हात बसले आणि दोन्ही हातांवर करवंदाएवढे फोड आले. त्या दोघींनाही माझ्याबद्दल माया होती, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

उजेडाचे उपचार दोन वर्षं घेतले. आठवड्यातून दोनदा, सकाळी ड्युटीच्या आधी, उभ्या कपाटासारख्या यंत्रात डोळ्यांना काळा चष्मा लावून उभं राहायचं. कपाळाचा रंग परत आला. तो कसा येतो ते मी रोज आरशात बघत होते. पांढऱ्या गोलात आधी तपकिरी ठिपके उमटले, रांगोळीला आधी ठिपके काढतात तसे, आणि मग ते पसरत एकमेकांना मिळाले. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा साठा शिल्लक असतो, तिथून रंग वर येतो. कपाळावर बारीक लव असते. बोटांच्या टोकांना केस नसतात, त्यामुळे तिथे परत यायला रंगच उरलेला नसतो. डॉक्टरांनी हे समजावलं त्या दिवशी मी गाडीत डोंबिवलीपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. पण आशा लावून ठेवण्यापेक्षा ते ऐकणं बरं झालं.

मग क्रीम सुरू झालं. कातडीच्या रंगाचं, दाट, डबीतलं. पहाटे पावणेपाचला उठून डबा, मग आंघोळ, मग पंधरा मिनिटं बोटांना रंग. एकेक बोट, नखांच्या कडा, पेरांच्या सुरकुत्या. वरून पावडर. घरातून निघताना हात अगदी छान दिसायचे. पण लेडीज डब्यात वरचा दांडा धरला की घामानं अर्धं जायचं, आणि उरलेलं काउंटरवर. नोटा मोजताना आम्ही ओल्या स्पंजाला बोट लावतो. दिवसातून शेकडो वेळा. आठवड्याभरात माझा गुलाबी स्पंज चहाच्या रंगाचा झाला. एकदा लालबागच्या एका दुकानदारानं शंभराचं पॅकेट उचललं, पहिली नोट उजेडाला धरली आणि विचारलं, ‘मॅडम, याला काय लागलंय?’ नोटेच्या पांढऱ्या भागावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेषान्‌रेषा दिसेल असा तपकिरी. मी नोट बदलून दिली. त्याला काही कळलंही नसेल. मी मात्र दिवसभर प्रत्येक पॅकेट उलटून बघत बसले आणि संध्याकाळी कॅश टॅली व्हायला आठ वाजले.

2011 साली एका बाईंनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की, ‘त्या महारोगी बाईच्या हातून मला पैसे नकोत.’ केबिनचं दार उघडं होतं. हा महारोग नव्हे, महारोग जंतूंमुळे होतो आणि तोही औषधांनी पूर्ण बरा होतो, हे बोलायला मला तोंड होतं. पण मी तोंड उघडलं नाही. आपल्या भाषेनंच घोळ घालून ठेवला आहे. कोडाला पुस्तकी मराठीत श्वेतकुष्ठ म्हणतात, म्हणजे नावातच कुष्ठ घालून दिलं आहे. आणि समजा, मला महारोगच झाला असता आणि औषध घेऊन मी बरी झाले असते, तर त्या बाईंना माझ्या हातून पैसे घ्यायला काय हरकत होती? हे मला तेव्हा सुचलं नाही. मला तेव्हा फक्त ‘मी ती नाही’ एवढंच ओरडून सांगावंसं वाटलं होतं, आणि त्याची आज खंत वाटते.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला. आधी म्हणाले, ‘हातमोजे घालून बघा.’ मी दोन दिवस रबरी हातमोजे घालून नोटा मोजल्या. डॉक्टरांना सांगितलं तर त्या खुर्चीवरून उठल्याच. 1939 साली अमेरिकेतल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामगारांचे हात असेच पांढरे पडले होते, आणि कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांतलं एक रसायन. आजच्या हातमोज्यांत ते असेलच असं नाही, पण ज्या कातडीला घासण्यानंही नवे डाग येतात तिला दिवसभर रबरात कोंडू नका, असं त्यांनी बजावलं. मग साहेबांनी मला मागच्या खोलीत दिलं. चेक क्लिअरिंग, फायली, केवायसीचे फॉर्म. ‘तुम्हालाच त्रास नको म्हणून,’ असं म्हणाले. मी ‘थँक यू साहेब’ म्हटलं. मनापासून म्हटलं. मला खरंच हायसं वाटलं होतं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. पाच वर्षं बसले तिथे. कुणी काही बोललं नाही, कुणी हिणवलं नाही. शाखेचा ग्रुप फोटो निघाला की मी मागच्या रांगेत उभी राहायचे आणि हात पुढच्या बाईच्या पाठीआड ठेवायचे. क्रीम मात्र रोज लावत होते. त्या खोलीत माझे हात बघायला शिपाई सोडला तर कुणी नव्हतं, तरी पावणेपाचचा गजर होता तसाच राहिला.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. 9 तारखेला बँका लोकांसाठी बंद होत्या, 10 तारखेला उघडल्या तेव्हा रांग आमच्या शटरपासून पुढच्या सिग्नलपर्यंत गेली होती. एव्हाना साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी जो मोजू शकेल त्याला काउंटरवर बसवला. माझ्याकडे बघायला त्यांना वेळच नव्हता. पाच वर्षांनी मी कॅशच्या पिंजऱ्यात शिरले, स्पंज भिजवला, आणि अकरा वाजेपर्यंत बोटांवरचं सगळं क्रीम नोटांना लागलं होतं. ते पुसायला उठायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी क्रीम लावलंच नाही. यात काही निश्चय वगैरे नव्हता. आदल्या रात्री साडेदहाला शाखेतून निघाले होते, पहाटे डोळाच उघडला नाही.

त्या शनिवार-रविवारीही बँका उघड्या होत्या. फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, जुन्या नोटा. सगळं माझ्या उघड्या हातांनी घेत होते आणि देत होते. कुणाचं लक्ष नव्हतं असं म्हणणार नाही, लोक बघत होते. पण चार-चार तास उभं राहून आलेल्या माणसाला शंभराच्या नोटा हव्या असतात. मग शाई आली. नोटा बदलून घेणाऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची, म्हणजे तो पुन्हा रांगेत येऊ नये. शाई लावायची तर समोरच्याचं बोट धरावं लागतं. काचेच्या खालच्या फटीतून माणसं बोट आत घालायची आणि मी ते माझ्या पांढऱ्या बोटांनी धरायचे. दिवसाला दोन-अडीचशे बोटं. गिरणीतून निवृत्त झालेल्यांची जाड, गाठी आलेली. कॉलेजच्या मुलांची गार. मसाला गल्लीतली एक बाई आली, डंकावर मिरच्या कुटणारी. तिची बोटं हळदीनं आणि तिखटानं इतकी रंगली होती की शाई कुठे लावली ते दिसेचना. मी पुसलं, पुन्हा लावली, तरी नाही. शेवटी तिनं आपणहून बोट उलटं केलं, नखाच्या मुळाशी दाखवलं आणि म्हणाली, ‘इथं लाव बाय, इथं जरा कोरं हाय.’ मी लावली. माझ्या हाताला तिचं तिखट लागलं आणि दुपारभर बोटं चुरचुरत होती. डब्यातली पोळी मी चमच्यानं तोडून खाल्ली.

ती शाई माझ्याही बोटांना लागत होती. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की ते काळं पडतं आणि धुऊन जात नाही. माझ्या पांढऱ्या बोटांवर तर ते डोळ्यांत भरायचं. अंगठा आणि तर्जनी जांभळट काळी, तीन आठवडे. गाडीत एका मुलीनं विचारलं, ‘ताई, हाताला काय झालं?’ मी म्हटलं, ‘बँकेत आहे.’ तिनं जागा दिली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या हातांबद्दल विचारलं होतं आणि उत्तर माझ्या कामात होतं.

जानेवारीत गर्दी ओसरल्यावर साहेबांनी बोलावून सांगितलं, ‘आता तुम्ही आपल्या टेबलावर जा, आराम करा.’ मी घरी येऊन अर्ज लिहिला. नवऱ्यानं वाचून विचारलं, ‘यात आजाराचं काहीच नाही लिहिलंस?’ नव्हतंच लिहिलं. तीन ओळी होत्या. 10 नोव्हेंबर ते 30 डिसेंबर मी कॅश काउंटरवर काम केलं. या काळात एकदा दोन हजारांची तूट आली, ती मी त्याच दिवशी पदरचे भरून मिटवली. मला कॅशमध्येच ठेवावं. कोडाचा उल्लेख केला असता तर तो साहेबांनी मला बसवायचं की नाही याचा मुद्दा झाला असता, आणि तो मुद्दा आहे हेच मला मान्य नव्हतं. लेखी उत्तर आलं नाही. साहेबांनी अर्ज वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, ‘बसा तीन नंबरला.’ मी अजून तीन नंबरलाच आहे.

स्वतःला आहे तसं स्वीकारा, स्वतःवर प्रेम करा, असं हल्ली सगळे सांगतात. चांगल्या मनानं सांगतात. पण माझा अनुभव वेगळा आहे. घरी या हातांशी माझं कधी भांडण नव्हतंच. याच हातांनी मी भाकऱ्या थापल्या, मुलाला न्हाऊ घातलं. भांडण सुरू व्हायचं दहा वाजता, काचेमागे. मग घरच्या आरशासमोर कितीही वेळ उभी राहून मी काय स्वीकारणार होते? मला ते काचेमागेच करावं लागलं, दिवसाला अडीचशे माणसांसमोर, आणि त्यासाठी आधी ती खुर्ची हवी होती. मागच्या खोलीत बसवून ‘स्वतःला कमी समजू नका’ असं कुणी म्हटलं, तर त्या म्हणण्याला काय अर्थ आहे? पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्या माणसांसाठी श्वेता असोसिएशन उभी केली. त्यांना स्वतःला कोड आहे. तिथल्या एका बैठकीला मी गेले होते. एकाच खोलीत इतके पांढरे हात मी त्याआधी पाहिले नव्हते. परत येताना मला आठवत राहिलं ते हे की, बहुतेकांनी सांगितलेली गोष्ट नोकरीची होती. मुलाखतीची, बदलीची, ‘समोर नको, आत बसा’ची.

आजही कधीकधी कुणी तीन नंबरसमोरून चार नंबरच्या रांगेत जातं. मी बघते. वाईट वाटतं. पुढचं टोकन घेते.

तर ती मुलगी. चार दिवस मी तिला काही बोलले नाही. माझे हात पुढे करून कुणाला ‘तुझ्या कपाळावर डाग आहे’ सांगायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तेवीस वर्षांची आहे, घरी स्थळं बघताहेत असं डबा खाताना बोलली होती. शुक्रवारी दुपारी वॉशरूममध्ये आम्ही दोघीच होतो. तिनं टिकली काढून आरशाला लावली. मी विचारलं, ‘अगं, ही टिकली कुठली लावतेस तू?’

तिनं कंपनीचं नाव सांगितलं. मग माझ्या आवाजात काहीतरी जाणवलं असावं. तिनं आरशात स्वतःच्या कपाळाकडे बघितलं, बोट फिरवलं, आणि मग आरशातच माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाली, ‘मॅडम, हे तुमच्यासारखं होईल का?’

लागलं मला ते. नऊ वर्षं तीन नंबरला बसूनही लागलं. पण तिला दुसरं काय विचारायचं होतं? मी म्हटलं, ‘कदाचित नाही होणार. टिकली आजपासून बंद कर. एवढ्यातच थांबलं तर रंग परत येतो, माझ्या कपाळाचा आला, हे बघ.’ मी केस मागे घेऊन वाकले. तिनं जवळ येऊन बघितलं, बोटानं चाचपूनही बघितलं. ‘आणि थांबलं नाही तर?’ तिनं विचारलं.

‘तर माझ्यासारखं होईल,’ मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग तिनं आरशावरची आपली टिकली काढली, बोटावर घेऊन उलटी केली आणि मागचा गोंद बघत राहिली. डॉक्टरांचा पत्ता मी तिला पावतीच्या पाठीमागे लिहून दिला. गुरुवारी सकाळी आठची वेळ मिळाली आहे, मी बरोबर जाणार आहे. दहाच्या आत दोघी काउंटरवर पोचू.